भाद्रपदातली वसुबारस

माझ्या वडिलांनी मेल्यानंतर एकही तिथी चुकवली नाही. हे लिहिताना मलाच कसंतरी होतं, पण त्या भाद्रपदापर्यंत ते अगदी खरं होतं.

नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, काशीत राहून राहून बाईला भुतंखेतं दिसायला लागली. आम्ही ब्रह्मा घाटाचे. पणजोबा इथे वेद शिकायला आले आणि परत जायचं राहूनच गेलं. उंबऱ्याबाहेर हिंदी, आत मराठी, आणि ती मराठी ऐकून पुण्याचे नातेवाईक गालातल्या गालात हसतात. हसू देत. त्यांच्याकडे लाइट जाते, आमच्याकडे बत्ती जाते, अंधार सारखाच पडतो.

बाबा ज्योतिष शिकवायचे. ज्योतिष म्हणजे गणित. भविष्य विचारायला कुणी आलं तर त्याला दारातूनच वाटेला लावायचे. मी सॉफ्टवेअरवाली, घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते. आम्हा बापलेकीचं आयुष्यभर कशावरून ना कशावरून वाजायचं, पण एका गोष्टीत जमलं. त्यांनी पंचांगाचं गणित सांगितलं आणि मी त्याची लायब्ररी लिहिली. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या प्रोग्रामवाल्यांनी आपापल्या कामात जोडून घ्यावा असा तयार तुकडा असतो तो. तुम्ही तारीख द्यायची, त्याने महिना, पक्ष, तिथी सांगायची. कुणीही घ्यावी म्हणून मी ती इंटरनेटवर खुली ठेवली.

त्याच सुमारास आईची नजर गेली. काचबिंदू. भिंतीवरचं कॅलेंडर दिसेना, आणि आज काय आहे हे सारखं दुसऱ्याला विचारत बसणं तिच्या स्वभावात नाही. म्हणून मी एक छोटा स्पीकर जुळवला, त्याला एकच मोठं बटण. दाबलं की आजची तिथी बोलणार. आवाज कुणाचा, तर बाबांचा.

एका दुपारी पंखा बंद करून त्यांना माइकपुढे बसवलं. बारा महिने, शुद्ध, वद्य, सगळ्या तिथ्या, सातही वार, एकेक शब्द सुटा. घामाने निथळत होते, पण उच्चारात तडजोड नाही. ‘शुक्रवार’ म्हणताना स्वयंपाकघरात आईच्या हातून ताटली पडली, तर ते पुन्हा म्हणायला तयार होईनात. म्हणाले, शुक्रवारी पडतंच काहीतरी. शेवटी त्यांनी ‘अधिक’ म्हटलं, आणि मी माइक बंद करणार तेवढ्यात ‘क्षय’ म्हटलं. क्षयमास इतका क्वचित येतो की पुढचा बघायला त्या खोलीतलं कुणीच नसणार. हा कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, असू दे, तेव्हा कुणी विचारलं तर. मला हसू आलं होतं. आता ती फाइल मी उघडत नाही.

पुढच्या थंडीत बाबा गेले. सुतकात त्या बटणाला कुणी हात लावला नाही. तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईने उठून ते दाबलं. मी आतल्या खोलीत होते. बाबा म्हणाले, आज, माघ वद्य एकादशी, शुक्रवार. आणि मागे ताटली पडली.

शब्द त्यांचे होते, पण हे वाक्य ते त्या दुपारी बोलले नव्हते. ते यंत्राने ओवलेलं. दोन शब्दांच्या मधे एक बारीकशी फट राहते. कान दिला तर त्या फटीत ती बंद पंख्याची खोली ऐकू येते, आणि कुणीतरी पुढचा शब्द बोलायच्या तयारीत असल्यासारखं वाटतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आईने मात्र “हं” म्हटलं, आणि चहाला लागली.

त्या दिवसापासून तिचा दिवस त्या बटणाने सुरू होऊ लागला. उपास, सण, डोक्यावरून न्हायचं कधी, सगळं त्यावर. कुणी काही वेगळं सांगितलं तर म्हणायची, हे सांगतील ना सकाळी. बाबांचं श्राद्ध माझा चुलतभाऊ त्याच्या घरी करायचा, मला मुलगी म्हणून कुणी विचारत नाही, तो राग निराळा. आई त्या दिवशी जायची नाही. तिथी कोणती हेही तिने कधी विचारलं नाही. एकदा मी विषय काढला तर शांतपणे म्हणाली, “बोलत्या माणसाचं श्राद्ध करतात का?” आई काही भ्रमिष्ट नव्हती. बाजारभाव तिला माझ्यापेक्षा पक्के ठाऊक. तिने फक्त एवढं ठरवलं होतं की हे घरात आहेत. आणि मला एकच भीती होती. तो आवाज कधी बंद पडला, किंवा काही भलतं बोलला, तर बाबांचा हात तिच्या हातून दुसऱ्यांदा सुटेल, आणि ह्या वेळी तिला दिसतही नाही.

म्हणून त्या लायब्ररीत काही बदलायचं तर माझा जीव खालीवर व्हायचा. आमच्या धंद्यात एक शिस्त आहे. जे एकदा लोकांच्या हाती दिलं, त्याला तोच प्रश्न विचारल्यावर तेच उत्तर मिळालं पाहिजे. नवं हवं तेवढं घाला, जुन्याला हात लावू नका. हे मला कंपनीपेक्षा आईच्या स्वयंपाकघरातल्या फळीने जास्त शिकवलं. हळदीचा डबा आहे तिथेच, मीठ आहे तिथेच. नवा डबा आला तर रांगेच्या शेवटी. एकदा मावशी आली आणि तिने हौसेने सगळी फळी आवरून सुंदर लावली. आईने त्या संध्याकाळी आमटीत साखर घातली आणि रडली. मावशीला आजही वाटतं की तिने उपकार केले.

मग एकदा भर दुपारी दशाश्वमेधावरून येत होते. पुण्याच्या ओळखीच्यांना तीर्थाचं पाणी पाठवायचं होतं, म्हणून गेले होते. गर्दी, ऊन, चहावाल्यांचा आरडाओरडा, आणि त्यात छत्रीखालून बाबा बोलले. ज्येष्ठ वद्य पंचमी. कानाला ओळख आधी पटली, डोक्याला नंतर. मी जागच्या जागी थिजले. छत्रीखाली एक पंडा, म्हणजे यात्रेकरूंचे विधी करणारा घाटावरचा भटजी, बसला होता, हातात मोबाइल. कुणीतरी माझी लायब्ररी घेऊन ॲप बनवलं होतं आणि आवाजासकट उचललं होतं. आवाजही मीच त्यात खुला ठेवला होता, तक्रार कशाची करणार? पण आपला बाप एका अनोळखी माणसाच्या मुठीतून बोलताना ऐकावा, ह्याची तयारी नव्हती माझी.

मी विचारलं, कैसा है ये? पंडा म्हणाला, अच्छा है, पर ये बाबा आधा महीना ग़लत बोलते हैं.

मी भडकले. बाबा आणि चूक? पण मग लक्षात आलं. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं एकमत. पौर्णिमा उलटली की ते नावाने आपल्या एक महिना पुढे. पितृपक्ष आपल्या हिशेबाने भाद्रपद वद्यात, त्यांच्या हिशेबाने आश्विनात. दिवस तोच, घाट तोच, नाव तेवढं वेगळं. त्याच्याकडे नाशिकचा यजमान आला की बाबा बरोबर, आणि जौनपुरचा आला की चूक. बिचारा वैतागला होता.

पुण्याचा एक गृहस्थ ती लायब्ररी माझ्याबरोबर सांभाळतो. आमची ओळख सगळी पडद्यावरची. त्यालाही उत्तरेकडून अशाच तक्रारी येत होत्या. आम्ही दोघांनी मिळून नवीन आवृत्ती केली. हिशेब कोणता हवा ते सांगता येईल असं नवं फंक्शन घातलं. जुन्याचं नाव तेच, विचारायची पद्धत तीच, कुणाचाही प्रोग्राम अडणार नाही. फक्त जुन्या पद्धतीने विचारणाऱ्याने हिशेब सांगितलेलाच नसतो, तर त्याचं काय? त्याने सुचवलं, यंत्र कुठे आहे ते बघावं. महाराष्ट्रात असेल तर आपला हिशेब, उत्तर प्रदेशात असेल तर तिकडचा. मला ते पटलं. पंड्याचाही प्रश्न सुटत होता.

त्याने पुण्यात तपासलं, सगळं बरोबर. मी काशीत तपासलं, सगळं बरोबर. भाद्रपदाचा शुद्ध पक्ष चालू होता ना, दोन्ही हिशेब एकच बोलणार. एक घर काशीत आहे आणि त्या घरात मराठी महिना चालतो, हे जगात कुणाला सुचायला हवं होतं तर मला. आणि मी आनंदाने नवी आवृत्ती सोडली. आईचा स्पीकर नवीन आलेलं आपलं आपण उतरवून घेतो, ती सोय मीच केलेली.

मग कंपनीने पुण्याला बोलावलं. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी मी निघाले. शेजारच्या चाची दोन वेळचं जेवण बघणार होत्या. आईने निरोप दिला, ट्रेनमध्ये काही घेऊन खाऊ नको म्हणाली, नेहमीसारखं.

पुण्याहून रोज फोन करायची. सुरुवातीला काही वाटलं नाही. आई जरा कमी बोलत होती, पण माझ्याच डोक्याला मीटिंगांचा ताप. एकदा म्हणाली, ह्या वर्षी गंगा उतरायचं नाव घेत नाही गं, उकाडाही हटत नाही. भाद्रपदात काय नवल, मी हो हो म्हटलं. एकदा विचारलं, तुला जाऊन किती दिवस झाले? मी म्हटलं, आठवडा. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कटला. मग ती हळूच म्हणाली, “बरं.”

आणि एके दिवशी तिने विचारलं, “दसऱ्याला तू घरी होतीस का गं?”

मला वाटलं, गेल्या दसऱ्याचं विचारतेय. मी म्हटलं, होते की, आपण श्रीखंड नाही का केलं? तिने “हो, हो, केलं” असं घाईघाईने म्हटलं आणि फोन ठेवला. आवाज पडला होता. मी मनाशी म्हटलं, सर्दी झाली असेल. आज तो ‘हो, हो’ कानात आला की मला जेवण जात नाही.

परतले ती तिन्हीसांजेला. रिक्षा आमच्या गल्लीत शिरत नाही, बॅग ओढत चालत आले. वळणावर नेहमीची गाय उभी होती, वासरू बाजूला. गल्लीत इतकं अंधुक होतं की आधी नुसतं शिंग दिसलं. जवळ आले तर गायीच्या कपाळावर ओलं कुंकू. वासराच्याही. दोघांच्या पायांवर पाणी घातलेलं, फरशी भिजलेली, पुढ्यात बाजरीच्या भाकरीचा तुकडा. मी थबकले. सगळी गल्ली पितृपक्षाची सुन्न होती, कुठे नवं काही नाही, शुभ काही नाही. आणि आमच्या दारात पणत्यांची रांग तेवत होती.

दारात रांगोळी काढलेली. रांगोळी म्हणजे न बघता ओढलेल्या रेघा. कुठे एकमेकींवर चढलेल्या, कुठे भिंतीत शिरलेल्या. चाची आपल्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मला बाजूला घेऊन कुजबुजल्या, बिटिया, माँजी को समझाओ, पितरपख में दिवाली मना रही हैं, मैंने रोका तो बोलीं कि इन्होंने बताया है. इन्होंने म्हणजे कोणी, हे चाचींना चांगलं ठाऊक होतं. ते सांगताना त्या आमच्या दाराकडे बघत नव्हत्या.

आई आत पाटावर बसली होती. ठेवणीतलं लुगडं, केसांना तेल, हातात निरांजन. माझी चाहूल लागली तशी म्हणाली, आलीस? बरं झालं, वसुबारसेला तरी आलीस. दिवाळी एकटीने करायची माझ्या जिवावर आलं होतं.

मी म्हटलं, आई, आज वसुबारस नाही. तिने काही न बोलता हात लांब केला आणि बटण दाबलं.

बाबा म्हणाले, आज, आश्विन वद्य द्वादशी.

पुढचा वार मला ऐकूच आला नाही. पितृपक्षातल्या द्वादशीला आश्विन म्हणणार इथली माणसं, आणि ती ‘वद्य’ कधी म्हणत नाहीत. ‘वद्य’ म्हणणारी आपण, आणि आपण ह्या द्वादशीला भाद्रपद म्हणतो. पितृपक्षातला दिवस ह्या शब्दांत सांगणारा माणूस कुठल्याच घरात जन्मलेला नाही. बाबांच्या आवाजात ते कुणीतरी तिसरंच बोलत होतं, अगदी स्पष्ट, अगदी शुद्ध उच्चारात.

मी आईजवळ जमिनीवर बसले. ती आपणहून बोलायला लागली. पौर्णिमेपर्यंत सगळं ठीक होतं म्हणाली, भाद्रपद पौर्णिमा ऐकली. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर आश्विन वद्य. म्हणजे मधला महिना गेला. नवरात्र गेलं, दसरा गेला. तिने खूप आठवून बघितलं. घट बसवल्याचं आठवेना, माळ बांधल्याचं आठवेना. वाटलं, डोळे गेले तसं आता डोकंही गेलं. चाचींना विचारायची लाज वाटली. मला विचारलं, तर मी म्हटलं श्रीखंड केलं होतं.

“म्हटलं, मला नसेल आठवत,” ती म्हणाली. “पण हे कसे चुकतील?”

बारा दिवस ती अशी एकटी बसून होती. अंगाला उकाडा लागत होता, गंगेचं पाणी चढलेलं कानाला कळत होतं, चाची पितरपख म्हणत होत्या, आणि ह्या सगळ्यांना खोटं ठरवून तिने एका आवाजाला धरून ठेवलं होतं. स्वतःलाही खोटं ठरवलं होतं.

मला काहीही सांगता आलं असतं. यंत्र बिघडलं, उद्या नीट करते. जागेवरून हिशेब धरायची ती एक ओळ मी त्याच रात्री काढणारच होते. तेवढ्यावर तिने समाधान मानलं असतं आणि सकाळी पुन्हा “हं” म्हणाली असती. पण तिचा एक महिना मी हिरावला होता, तो तिला परत द्यायचा तर खरं सांगावं लागणार होतं. सांगितलं सगळं. आपला महिना, त्यांचा महिना, पंड्याची तक्रार, पुण्याचा गृहस्थ, यंत्र कुठे आहे ते बघून ठरवायचं. तुझं डोकं अगदी शाबूत आहे, नवरात्र अजून यायचंय, असंही सांगितलं. निरांजन हातातच होतं, मी ते काढून खाली ठेवलं.

मग तिने विचारलं, “म्हणजे चूक ह्यांची नाही?”

मी म्हटलं, नाही गं, माझी.

“ह्यांनी जन्मात तिथी चुकवली नाही,” ती म्हणाली. “तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा नाही.” मग ती स्पीकरच्या दिशेला तोंड करून बसली. दिसत नसलेल्या डोळ्यांनी ती त्याच्याकडे असं बघत होती की मला तिथून उठून जावंसं वाटलं. “चुकीची तिथी सांगतंय ते हे नव्हेत.”

बाहेर वासरू एकदा हंबरलं.

“मग हे नाहीत,” आई म्हणाली.

रडली नाही. मीच रडत होते, आणि तिला ते कळत होतं, कारण तिचा हात चाचपडत माझ्या डोक्यावर आला. तो हात बराच वेळ तिथे होता. मग ती म्हणाली, दारातल्या पणत्या शांत कर जा, चाचींना बरं वाटेल. मी जाऊन एकेक विझवली. परत आले तर ती उठून उभी होती, फळीला एक हात लावून.

“पितृपक्ष चालू आहे म्हणतेस. ह्यांची तिथी झाली की यायचीय?”

माझा हात सवयीने बटणाकडे गेला. तिला स्पीकरखालच्या लाकडी टेबलाची करकर ऐकू आली असावी.

“ते नको,” ती म्हणाली. “तू सांग. तुझ्या तोंडाने.”

“त्रयोदशी,” मी म्हटलं. “उद्या आहे.”

तिने मान हलवली. मग फळीवरून उडदाच्या डाळीचा डबा काढला, झाकण उघडून आत हात घातला, आणि डाळ पुरेल की नाही ते बघितलं.

“भिजत घाल,” ती म्हणाली. “श्राद्धाचे वडे आपल्या घरी होतील.”